दुकानापुढची वर्तुळे आणि घरातला एकांत

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि औसा तालुक्यातील आमच्या मेडिकल दुकानापुढे आम्ही चुन्याने वर्तुळे आखली. दोन वर्तुळांत सहा फुटांचे अंतर, काउंटरपुढे आडवी बांधलेली दोरी आणि प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल किंवा मास्क. रोगापासून वाचण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु आठवडाभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मास्कमधून, दोरीपलीकडून बोलायचे तर मोठ्याने बोलावे लागे आणि ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाई. त्यामुळे जे माणूस काउंटरवर वाकून हळूच सांगत असे, ते सांगण्याची सोयच उरली नाही. पूर्वी ज्या बायका दुपारी दुकान रिकामे पाहून येत आणि "ताई, जरा इकडं या" म्हणत, त्या आता चिठ्ठ्या पाठवू लागल्या. वहीच्या एका कागदावर फक्त 'नेहमीची गोळी' एवढेच लिहिलेले होते. ती रक्तदाबाची की पाळणा लांबवण्याची, हे चिठ्ठी घेऊन आलेल्या तिच्या सासऱ्यांना मी कसे विचारणार?

त्या काळात मोबाईलवर विनोद फिरत होते की नवरा-बायको दिवसभर घरात आहेत, आता नऊ महिन्यांनी घरोघरी पाळणे हलतील. युरोपातील अनेक देशांत नेमके उलटे घडले. पहिल्या टाळेबंदीनंतर साधारण नऊ महिन्यांनी, म्हणजे २०२० च्या अखेरीस आणि २०२१ च्या सुरुवातीला, तेथे जन्मांची संख्या घटली. उद्याच्या भाकरीची चिंता असलेल्या माणसाच्या मनात ओढ कोठून येणार? शिवाय एका घरात असणे आणि एकांत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावे नव्याने वसली, तेव्हा भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्या कुटुंबांना अडीचशे चौरस फुटांची घरे मिळाली. त्या वेळी ती चार माणसांसाठी होती. २०२० मध्ये चाकण, रांजणगाव, हडपसर येथे कामाला गेलेली मुले बायकामुलांसह परतली आणि त्याच घरांत, पुढे टाकलेल्या पत्र्याच्या खोलीसह, आठ-नऊ माणसे राहू लागली. जुन्या घरांना माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर होते. उन्हाळ्यात कोणी वर झोपे, कोणी दाराजवळच्या ढाळजेत, आणि न बोलता प्रत्येकाची सोय लागत असे. दगडमातीच्या घरांची भीती बसल्यावर माळवदे गेली आणि ती सोयही त्यांच्याबरोबर गेली. एका सुनेने मला सांगितलेले शब्द मी विसरलेले नाही: "ताई, बारा वर्षं हे पंचमीला अन् दिवाळीला चार दिवस यायचे, तवा सासूबाई आपणहून वसरीत झोपायच्या. आता चार महिने झाले घरात हायत, रोज कुनाला बाहेर झोप म्हणावं?" त्या दोघांत भांडण नव्हते. बोलायलाही जागा नाही, म्हणून ती दोघे एकमेकांवर चिडू लागली होती.

पुरुषांचे दुःख वेगळ्या वाटेने दुकानात येत असे. कारखाना बंद, खोलीचे भाडे थकलेले, ठेकेदार फोन उचलत नाही, अशा अवस्थेतील तिशी-पस्तिशीचे तरुण संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या वेळेस येऊन आमच्या ह्यांच्याकडे 'ताकदीची गोळी' मागत. झोप न लागणे, सततची काळजी, दारू आणि तंबाखू यांनी ताठरता कमी होते. तो पुरुषत्वाचा पराभव नसतो, हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते. ज्या गोळ्या ते मागत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने त्या घेतल्या, तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकते. आम्ही त्या दिल्या नाहीत. परंतु नकार देऊन माणूस परत पाठवला म्हणजे आपले काम संपले, असे मला तेव्हाही वाटले नाही. त्याला पाठवायचे कोणाकडे? फोनवरून सल्ला घेण्याची सोय झाली होती, पण घरात फोन एक, तोही मुलांच्या शाळेसाठी अडकलेला, आणि बोलणे सर्वांच्या कानावर.

सर्वांत मोठी किंमत मात्र बायकांनी मोजली. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा भार आजही प्रामुख्याने स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. टाळेबंदी लागताच शस्त्रक्रियांची शिबिरे थांबली आणि तांबी बसवणेही थांबले. निरोधांचे म्हणाल, तर जगातील दर पाचांपैकी एक निरोध बनवणारी मलेशियातील कंपनी त्याच मार्चमध्ये काही दिवस बंद होती. आमच्याकडे लातूरहून गाडी आठवड्यातून एकदा येई, तीही ताप, रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घेऊन.

तीन मुलांची एक आई दर तीन महिन्यांनी उपकेंद्रात 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असे. एप्रिलमध्ये तिची तारीख आली, तेव्हा सिस्टर सर्वेक्षणाच्या कामावर होत्या. ती दुकानात आली, तोपर्यंत तारीख उलटून दहा दिवस झाले होते. "आता त्याचा काही उपयोग नाही ना?" एवढेच तिने विचारले. चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी ते इंजेक्शन घेता येते, तोवर निरोध किंवा 'छाया' या गर्भनिरोधक गोळीबद्दल विचार करता येतो, हे मला ठाऊक होते. पण तिच्या मागच्या वर्तुळात तिचा दीर उभा होता. मी "नंतर ये" म्हणाले आणि ती नंतर आली नाही. गर्भपाताची सेवा अत्यावश्यक सेवांत धरलेली होती, तरी जवळचा दवाखाना बंद होता, एसटी बंद होती, आणि घरातून 'कशाला जायचे आहे' या प्रश्नाला सर्वांसमोर देता येईल असे उत्तर तिच्याजवळ नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये तिला चौथे मूल झाले. त्या मुलावर तिचा जीव आहे. तरीही ते मूल हवे की नको, हे ठरवण्याचा तिचा अधिकार त्या दोरीपाशी आणि त्या वर्तुळात हरवला, आणि त्यात माझाही वाटा आहे.

नाही म्हणण्याची जागाही त्या काळात आक्रसली. नको असलेल्या रात्री टाळण्याचे आपल्या बायकांचे मार्ग साधेच असतात: माहेरी चार दिवस, बहिणीचे बाळंतपण, पंचमीचे बोलावणे. २०२० मध्ये जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या आणि पंचमीला कितीतरी लेकी माहेरी पोहोचल्या नाहीत. राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू करावा लागला, यावरून परिस्थिती कळावी. नवरा-बायकोच्या नात्यातही जबरदस्ती ही जबरदस्तीच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची अडचण आणखी निराळी होती. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून अनेक जण मुद्दाम लांबच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, गोळ्या आणतात. वाहने बंद झाल्यावर गावाजवळच्या केंद्रात जाणे किंवा गोळी चुकवणे, एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे राहिले. एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याचा निर्णय झाला, तो फार चांगला होता. तसेच निरोध आणि माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीत का करू नये? आशाताईंच्या पिशवीत प्रत्येक घरासाठी तीन महिन्यांचा साठा आधीच असावा आणि पुन्हा कधी सर्व बंद करण्याची वेळ आली, तर धान्य व दुधाच्या यादीतच या गोष्टी असाव्यात.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले ते १९२१ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, दुसऱ्या लाटेत, मी आमच्या दुकानात निरोधाचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देत होते. छत्रपती संभाजीनगरात, आपल्याच मराठवाड्यात, निरोध तयार होतात आणि येथेच ते लपवून न्यावे लागतात, याचे मला वाईट वाटते.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही काउंटरच्या उजव्या टोकाला फळीचा आडोसा करून पडदा लावला. आत एक स्टूल आहे आणि भिंतीवर आम्ही तारखांचे कॅलेंडर टांगले आहे. चौथ्या बाळंतपणानंतरही ती ताई येते. पडदा ओढून घेते, पुढच्या इंजेक्शनच्या तारखेवर माझ्याकडून खूण करून घेते आणि मग बाहेर येऊन मुलासाठी खोकल्याचे औषध मागते.