आधी शपथ, मग फोटो, मग घरी

तुरुंगातल्या माणसांची तंबाखू सोडवावी, अशी तळमळ तुम्हाला लागली असेल तर अभिनंदन. याहून सोपं समाजकार्य शोधून सापडायचं नाही. श्रोते मधेच उठून जात नाहीत, मोबाईलमध्ये डोकं घालत नाहीत आणि टाळ्या वाजवा म्हटलं की वाजवतात. तुमच्यासाठी काही सूचना देते आहे, नीट लिहून घ्या.

सुरुवात शपथेने करा. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन, त्यामुळे मुहूर्त काढायचे कष्टही नाहीत. रांगेत उभं करायचं, हात पुढे करायला लावायचा, 'माझ्यामागून म्हणा' म्हणायचं. संपलं व्यसन. असाच एक सोहळा मी नुकताच सोसून आले. मी आत समुपदेशनाला जाते, म्हणून मलाही खुर्ची मिळाली होती. प्रमुख पाहुण्यांनी धुरातल्या विषांची यादी वाचली, काळ्या फुप्फुसाचं चित्र फिरवलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला. "साहेब, सोडली की तिसऱ्या दिवशी डोकं फिरतं, झोप लागत नाही. त्याच्यावर काही गोळी मिळंल का?" अख्ख्या कार्यक्रमातला हा एकमेव मुद्द्याचा प्रश्न. साहेब हसून म्हणाले, "गुन्हा करताना डोकं शांत होतं ना? मग आता मन घट्ट कर." हशा पिकला. खुर्च्यांवरचे जास्त हसले. कार्यक्रम संपल्यावर फाटकावर प्रत्येकाने आपापल्या जमा केलेल्या वस्तू घेतल्या. साहेबांनी आधी सिगारेटचं पाकीट घेतलं, मोबाईल नंतर.

चित्र मात्र चांगलं मोठं छापून न्या. ज्याला पुढची तारीख कधी लागेल हे ठाऊक नाही, तो तीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाला फार घाबरतो.

कर्मचाऱ्यांच्या व्यसनाबद्दल एक अक्षर काढू नका.

आता मुख्य मंत्र: मन घट्ट कर. याला खर्च शून्य, कागदपत्रं शून्य, आणि अपयश आलं तर दोष आपोआप समोरच्याचा. तंबाखूतली तलफ लावणाऱ्या निकोटीनचं काय, दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. शेवटची बिडी विझून काही तास झाले की चिडचिड सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि पुढे दोन ते चार आठवडे पिच्छा पुरवते. बाहेरचा माणूस या दिवसांत काय करतो? लांबवर चालून येतो, घरच्यांवर खेकसतो, फ्रीज उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो, दार आपटतो. आतल्याला दारही आपटता येत नाही, कारण दार त्याच्या हातात नाही. आवाज चढला की शिस्तभंग. रात्री येरझाऱ्या घातल्या तर शेजारी झोपलेल्यांच्या अंगावरून घालाव्या लागतात. त्यातून भेटायला घरचं कुणी आलं नाही किंवा जामीन फेटाळला गेला, की बराकीत सांत्वन म्हणून पुढे काय येतं? तंबाखूच. आणि ती उधार घेतली तर एकाच्या बदल्यात दोन परत. एवढ्या सगळ्यात त्याने मन घट्ट करायचं.

आणि हे घट्ट मन बाहेर तरी कुणाचं असतं हो? ज्यांना मोकळी हवा आहे, घरचं माणूस आहे, वाटलं तर डॉक्टर आहे, अशांतलेही कुणाच्या मदतीविना सोडायला निघालेले शंभरातले जेमतेम तीन ते पाच सहा महिने किंवा वर्षभर टिकतात. ही तलफ सोसवावी म्हणून दिला जाणारा, कातडीवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच आणि निकोटीनचं च्युइंगगम २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अत्यावश्यक! ज्या यादीत प्रतिजैविकं आणि इन्सुलिन आहे, त्याच यादीत. पण आतल्या माणसाने तेच मागितलं की ते 'लाड' होतात. क्षयरोगाची गोळी लाड नाही, रक्तदाबाची नाही, मग हीच का? ती मागितल्यावर हसू का येतं? असो. मी सूचना देत होते.

सूचना अशी, की तंबाखूवर बंदी घालताना मनोविकारांच्या डॉक्टरांना कळवू नका. सिगारेट-बिडीच्या धुरामुळे शरीर क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मनोविकारांवरची औषधं भराभर निकालात काढतं, म्हणून ओढणाऱ्यांना डोस जास्त लागतो. हे काम निकोटीनचं नाही, धुराचं आहे, त्यामुळे पॅच लावूनही ते भरून निघत नाही. धूर बंद झाला की कालचाच डोस आज अंगावर येतो. क्लोझापिन तर इतकं साचू शकतं, की गुंगी येते, झटकेही येतात. माणूस कोपऱ्यात लुळा पडून राहिला की पाहुण्यांना दाखवायचं: बघा, व्यसन सुटल्यावर किती शांत झाला.

सरसकट बंदीची गोष्ट निघालीच आहे, तर तीही नीट घाला. म्हणजे आदेश काढा आणि घरी जा. बंदीला माझा विरोध आहे असं समजू नका. चार भिंतींत दुसऱ्याचा धूर टाळायला माणूस जाणार कुठे? अमेरिकेत नेवाडातल्या एका कैद्याचा कोठडीतला सोबती दिवसाला पाच पाकिटं ओढायचा. तो कैदी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने मान्य केलं, की असा धूर माथी मारणं ही क्रूर शिक्षा ठरू शकते. स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ ला तुरुंग धूरमुक्त केले, तेव्हा आतल्या हवेतले धुराचे सूक्ष्म कण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. पण त्यांनी तारीख वर्षभराहून आधी जाहीर केली होती, मधल्या काळात सोडायला मदत दिली, ई-सिगारेट मिळू दिली. एवढा खटाटोप तुम्हाला कुणी सांगितलाय?

तुम्ही आपली बंदी घाला आणि पुढची गंमत बघा. तुरुंगात तंबाखू ही नुसती तलफ नसते, ते चलन असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धबंद्यांच्या छावणीत सिगारेटवर अख्खा बाजार कसा चालायचा, हे तिथूनच सुटून आलेल्या रॅडफर्ड या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत २००४ मध्ये सिगारेट गेली, तर कैद्यांनी बांगड्याची पाकिटं चलनात आणली. हो, मासा. व्यवहार थांबला नाही, फक्त वास बदलला. ऑस्ट्रेलियात सोडण्यासाठी दिलेल्या पॅचमधलं निकोटीन चहाच्या पत्तीत उतरवून ती पत्ती बायबलच्या पातळ कागदात गुंडाळून ओढली गेली. ही अक्कल वापरणारी माणसं तुमच्या एका फलकाने बधणार आहेत! आणि २०१५ मध्ये मेलबर्नच्या एका तुरुंगात बंदी लागू व्हायच्या आदल्याच दिवशी दंगल उसळली, आगी लागल्या, पंधराएक तास कुणाचं काही चाललं नाही. असं झालं तर घाबरू नका. 'ही माणसंच असली' हे वाक्य तयार ठेवा.

बंदीनंतर आत तंबाखू कशी पोचते, याची चौकशी अजिबात करू नका. कबुतरं आणत असतील.

शेवटची सूचना सुटकेच्या दिवसाबद्दल. काहीही करू नका. मोठ्या जिद्दीने दोन वर्षं तंबाखूशिवाय राहिलेला माणूस फाटकाबाहेर पडतो. बाहेर मित्र उभे असतात, मिठी मारतात आणि प्रेमाने काय पुढे करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीपर्यंत दोन वर्षांची कमाई गेलेली असते. तेव्हा मान हलवून म्हणायचं, यांना सुधारायचंच नसतं.

मला हे वाक्य आता ऐकवत नाही. एकदम खोटं आहे ते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या तंबाखूमुक्त तुरुंगात याची पद्धतशीर पाहणी झाली, २०१३ मध्ये ती प्रसिद्धही झाली. सुटणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यावरचे व्हिडिओ दाखवले, म्हणजे तुमचंच भाषण समजा. दुसऱ्या गटाशी सुटकेआधी आठवड्याला एक अशा सहा बैठका घेऊन कुणीतरी बसून बोललं, आणि सुटल्यावर दोन फोन केले. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले ७ टक्के तंबाखूपासून दूर होते, दुसऱ्यातले २५ टक्के. तीन महिन्यांनी २ आणि १२. आकडे थोर नाहीत, मला कळतं. पण सहा बैठका आणि दोन फोन! यात कुठला लाड झाला? कुणाचं बजेट बुडालं?

तो मागच्या रांगेतला माणूस सुधारायला तयार होता. चारचौघांत हात वर करून औषध मागणं आत किती अवघड असतं, हे खुर्चीवरून दिसत नाही. त्याने हिंमत केली आणि तुम्ही त्याचं हसं केलंत, तेही स्वतः तासभर सिगारेटविना तळमळत बसलेले असताना. आता तो पुन्हा कधी विचारणार आहे? आणि त्याचं बघून दुसरा कोण विचारेल? तुम्हाला तासभर निघेना आणि त्याने जन्माची सोडायची, तीही आजपासून, तीही फुकट! बंदी हवी तर घाला, पण आदेशासोबत पॅच आणि गमची मागणी पाठवा, डोस तपासायला डॉक्टरांना सांगा, आपल्या कर्मचाऱ्यांचीही सोडवा, आणि सुटलेल्याला दोन फोन करायला एक माणूस नेमा. यातलं काहीच जमणार नसेल तर निदान माइक हातात घेऊ नका.