‘ओम बघू नका, वॅट बघा’ हा सल्ला तुमचा अँप जाळेल

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची आणि पायाच्या पेडलांनी सूर सरकवायची गिटार, वाजवणाऱ्यांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. अँपचा (अँप्लिफायरचा) स्पीकर गेला तर नवा कसा निवडावा, याचे पाच ‘नियम’ त्यात दिलेत. ओमची (स्पीकर प्रवाहाला किती विरोध करतो त्या आकड्याची) काळजी नको, उलट ओम कमी तितका जोर जास्त. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट. गिटारचा कुठलाही स्पीकर चालतो. 15 इंचाखाली बघूच नका. आणि चुंबक जड तोच स्पीकर खरा. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं ‘अनुभवाचे बोल’. माझ्या धाकट्या भावाने हे वाचलं आणि गेलेल्या 4 ओमच्या एका स्पीकरच्या जागी 4-4 ओमचे दोन, समांतर जोडून बसवायचं ठरवलं. अँप ट्रान्झिस्टरचा, आणि मागे स्पष्ट छापलेलं की किमान 4 ओम. तो वेळेवर बोलला म्हणून वाचला. इतरांचं काय?

पहिल्या नियमाबद्दल मला खरोखर राग आहे. 4 ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार 2 ओमचा होतो. तेवढ्याच व्होल्टेजला प्रवाह दुप्पट मागितला जातो, आणि तो प्रवाह आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. थोडा वेळ जोर वाढल्यासारखा वाटतोही, त्यामुळेच माणूस फसतो. मग उष्णता साठत जाते. नशीब बरं असेल तर फ्यूज उडतो किंवा संरक्षक सर्किट अँप बंद करतं. नाहीतर ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात आणि थेट डीसी स्पीकरवर येऊन नव्या स्पीकरची कॉइलही (आतलं तारेचं वेटोळंही) जळते. म्हणजे एक स्पीकर बदलायला निघालेला माणूस अँप आणि दोन स्पीकर घालवून बसतो.

संदेशातला पुरावा तर वाचवत नाही: ‘4 ओमचा स्पीकर मीटरवर तीन-सव्वातीनच दाखवतो, म्हणजे छापलेला आकडा खोटा.’ मीटर कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो. स्पीकरचा इंपीडन्स, म्हणजे वाजताना बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, वारंवारतेनुसार बदलतो, आणि छापलेला आकडा त्याचं नाममात्र मूल्य असतं. 4 ओमच्या स्पीकरने मीटरवर तीन-सव्वातीन दाखवणं हे तो धडधाकट असल्याचं लक्षण आहे. याच्या आधारे लोकांना ओम विसरायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

उलट दिशेने थोडी सूट आहे, हे मान्य. 4 ओमच्या ट्रान्झिस्टर अँपला 8 ओमचा स्पीकर लावला तर काही जळत नाही, पॉवर साधारण निम्मी मिळते. ट्यूब अँपचं (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपचं) गणित वेगळं. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक ओमसाठी गुंडाळलेला असतो, म्हणून तोच आकडा पाळावा. आणि स्पीकर काढलेला असताना ट्यूब अँप चालू करून वाजवू तर अजिबात नये, ट्रान्सफॉर्मर जातो.

आता वॅट. स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती सोसतो ते सांगतो, किती वाजतो ते नाही. वाजण्याचा आकडा वेगळा असतो: 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल. जेबीएल या स्पीकर कंपनीचे जुने तांत्रिक तक्ते काढून बघा. त्यांचे ई130 आणि ई140, दोन्ही 15 इंची. ई130 सोसतो 150 वॅट, देतो 105 डेसिबल. ई140 सोसतो 200 वॅट, देतो 100. म्हणजे जास्त वॅटचा स्पीकर 5 डेसिबलने मागे. ही तूट भरून काढायला अँपने तिपटीहून जास्त पॉवर द्यायला हवी. ई140 बास गिटारसाठीचा होता, त्यामुळे तो वाईट ठरत नाही. पण ‘वॅट जास्त तर आवाज जास्त’ हे विधान एवढ्या एका तक्त्यावर संपतं. अँपची पॉवर दुप्पट केली तरी फरक 3 डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 लागतात. वॅट बघायचे ते स्पीकर टिकावा म्हणून: अँप 200 वॅटचा असेल तर स्पीकर निदान तेवढं सोसणारा हवा.

‘गिटारचा कुठलाही स्पीकर’ म्हणणाऱ्याने पेडल स्टील नीट ऐकलेलं नसावं. रॉक गिटारचे बरेच स्पीकर मुद्दाम आवाज लवकर फुटेल असे बनवतात, कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) जोरात थोडा खरखरला की तिथे गोडवा येतो. स्टीलवाल्याचा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना तो पेडल अर्ध्यावर ठेवतो आणि सूर विरू लागला की हळूहळू दाबत नेतो, त्यातूनच तो लांब, न तुटणारा सूर येतो. ही राखून ठेवलेली ताकद अँप आणि स्पीकर दोघांकडेही हवी. शिवाय इथे दोन-तीन तारा एकदम वाजतात आणि त्यातली एक पेडलने सरकत असते. स्पीकरचा आवाज फुटला की त्या सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून भलतेच स्वर निघतात आणि सरकणारा सूर चिखलात जातो. 25-30 वॅटचा गिटार स्पीकर इथे सुरापुरताच नाही, जिवानेही टिकत नाही.

15 इंचाची गोष्ट अर्धी खरी आहे. पीव्ही कंपनीच्या सेशन 400 आणि नॅशव्हिल 400 या स्टीलच्या अँपमध्ये 15 इंचीच होता, आणि सी6 या ट्यूनिंगमधली (तारा सुरात लावायच्या पद्धतीतली) सगळ्यात खालची तार 65 हर्ट्झच्या आसपास असते, तिथे मोठा कोन कामी येतो. पण ई9 या दुसऱ्या ट्यूनिंगची खालची तार 123 हर्ट्झच्या आसपास थांबते, आणि त्याच पीव्हीने नॅशव्हिल 112 हा 12 इंची अँप स्टीलसाठीच काढला. ई9 पुरतं वाजवणाऱ्याने 12 इंचीला घाबरू नये.

चुंबकाच्या वजनाबद्दल एवढंच: निओडिमियमचं चुंबक कमी वजनात तेवढंच चुंबकीय क्षेत्र देतं. स्पीकर उद्योग अल्निकोवरून (कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या चुंबकावरून) जड फेराइटच्या चुंबकाकडे वळला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट महागल्यामुळे, नादासाठी नाही.

आणि संदेशात नसलेली एक गोष्ट. अँपमध्ये पीव्हीचा ब्लॅक विडो नावाचा स्पीकर असेल तर अख्खा स्पीकर टाकू नका. त्याची कोन-कॉइलसह पुढची बास्केट (धातूची चौकट) चुंबकापासून सुटी होते आणि नवी बसवता येते. आधी कोन दोन्ही हातांनी समतोल दाबून बघा, घासल्याचा आवाज येतो का. मग टर्मिनलवर मीटर लावा. आकडा बरोबर आला आणि कोन मोकळा हलला, तर दोष बहुधा वायरीत किंवा जॅकमध्ये निघेल, आणि नवा स्पीकर घ्यायची वेळच येणार नाही.