कुंभार्ली घाट, न्यूट्रल गाडी आणि सत्तावीसचं ॲव्हरेज

गाडीचं ॲव्हरेज वाढवायच्या युक्त्यांचा हा फॉरवर्ड गेल्या दोन महिन्यांत मला पाच जणांनी पाठवला आणि पाचही वेळा मी तो न वाचता पुढे सरकलो. सहाव्यांदा तो मामांकडून आला. कराडहून चिपळूणकडे घाट उतरून पायथ्याच्या पोफळीला पोहोचल्यावर खाली मामांनी स्वतःची ओळ जोडली होती : "आज कुंभार्ली न्यूट्रलवर उतरलो. पोफळीत डिस्प्ले बघितला, २७ चं ॲव्हरेज! कंपनीला जमलं नाही ते आपण केलं." त्यावर मामींचा हात जोडलेला इमोजी. ते हात मामींनी घाटातच जोडले असणार.

म्हणून आता लिहितोय. आधी फॉरवर्ड काय म्हणतो ते थोडक्यात. मथळा 'कंपन्या लपवतात ती आठ गुपितं', खाली सही 'एक निवृत्त ऑटोमोबाईल इंजिनिअर', नाव नाही, गाव नाही. गुपितं अशी : एक, कंपनीचं मायलेज म्हणजे शुद्ध फसवणूक, आणि इथेनॉलने ते अर्ध्यावर आलंय. दोन, पेट्रोल सकाळी सातच्या आत भरा. तीन, १०० किंवा ५०० चं भरू नका, ११० किंवा ५१५ चं भरा. चार, टाकीत दोन डांबरगोळ्या टाका. पाच, उतारावर गाडी न्यूट्रल करा, 'लांब उतार असेल तर इंजिन बंद, पेट्रोल शून्य!' सहा, टायरमध्ये ४५ हवा. सात, एसी बंद, काचा खाली. आठ, सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं गाडी चालू ठेवून गरम करा.

क्रमाने जाणार नाही. पाचवा मुद्दा आधी, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील.

मामांची गाडी २०१६ ची वॅगन आर. तिच्यात कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टर आहेत, आणि किती पेट्रोल सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाय, आणि उतारामुळे चाकंच इंजिनाला फिरवतायत, हे ईसीयूला कळतं. तेव्हा तो इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल शून्य, अक्षरशः शून्य. आता तीच गाडी न्यूट्रल करा. चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला. इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयूला आयडलिंगसाठी पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे जे फुकट मिळत होतं ते मामांनी विकत घेतलं. हजार सीसीचं इंजिन नुसतं उभ्याने तासाला साधारण ०.६ ते ०.७ लीटर पितं. घाट उतरायला वीस मिनिटं धरली तर झालं पाव लीटरच्या आतबाहेर, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. बचत नव्हे हो, हा जादा खर्च.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर कुणीतरी मला कोपऱ्यात गाठेल. अगदी सौम्य, लांबलचक उतार असेल तर न्यूट्रलमधली गाडी जास्त दूर घरंगळते, कारण इंजिन तिला मागे ओढत नसतं. तिथे हिशेब थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण घाटात ब्रेकवरचा पाय निघत नाही. ज्या वेगाला ब्रेक लावून मारायचंच आहे तो इंजिनाने मारला तर फुकटात मरतो.

मग ही समजूत आली कुठून? मामा गाडी शिकले फियाटवर. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाय काढला तरी इंजिन फिरतंय तोवर ते पेट्रोल ओढतच राहायचं, आणि गिअरमध्ये चाकांमुळे ते जास्त वेगाने फिरायचं. त्या गाडीला न्यूट्रलमध्ये थोडं पेट्रोल वाचत असेल. पण आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत इंजेक्शन आलं २००० च्या आसपास. गाडी बदलून पाव शतक झालं, युक्ती मात्र तीच.

हे झालं पैशांचं. आता जिवाचं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. वळणावळणाच्या उतारावर सतत पेडल दाबून ठेवलं की पॅड आणि ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, ते लवकर उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. तो जळका वास घाटात एकदा तरी प्रत्येकाने घेतलाय. आपण म्हणतो, "पुढच्या ट्रकचा आहे." दर वेळी तो ट्रकचाच असतो असं नाही.

आणि 'इंजिन बंद करा' हे ज्याने लिहिलं त्याने गाडी कधी उघडून बघितलेली नाही. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडलवरचा आपला जोर वाढवणारा भाग, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल नीट लागेल. चौथ्यांदा ते दगड झालेलं असतं. ब्रेक असतो, पण दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक, तेही गेलं. इग्निशन बंद तर एअरबॅगही झोपल्या. आणि सवयीने चावी काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होतं. कुंभार्लीच्या वळणावर.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना ठोकर दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासातून पुढे आलं होतं. नव्या कात्रज बोगद्यातून पुढे जो रोज जातो त्याला तो उतार आणि तिथल्या अपघातांचा इतिहास सांगावा लागत नाही. ट्रक आणि वॅगन आर यांच्यात वजनाचा फरक आहे, विज्ञानाचा नाही. एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्यांनी ईसीयूचं नाव ऐकलं नव्हतं, तरी सल्ला बरोबर होता, आणि आता त्यात पेट्रोलही वाचतं.

उरलेली गुपितं भराभर.

सकाळी सातच्या आत पेट्रोल, कारण थंड पेट्रोल घट्ट असतं. पेट्रोल गरम झालं की फुगतं हे खरं, दहा अंशांना साधारण एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. वर ऊन तापलं तरी तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. धरून चला एक अंश हललं. तीस लीटरमागे तीस मिलिलीटर फरक पडेल. तेवढ्यासाठी मामा भल्या पहाटे तीन किलोमीटर लांबच्या पंपावर जाऊन येतात. जाण्यायेण्यात जळालं ते चारशे मिलिलीटर.

११० आणि ५१५ रुपयांचं तर बोलूच नये. पंप लीटर मोजतो आणि त्याचे रुपये करतो. ज्याला चोरीच करायची आहे तो काय ५१५ चा आकडा बघून घाबरणार? संशय आला तर पंपावर वैधमापनवाल्यांनी शिक्का मारलेलं पाच लीटरचं माप असतं, ते मागा. पाच लीटरला २५ मिलिलीटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. हा ग्राहकाचा हक्क आहे, पण माप मागताना मी आजवर एकालाही पाहिलेलं नाही. ५१५ चं भरताना रोज पाहतो.

डांबरगोळ्या कपाटात ठेवा, लोकरीचे कपडे तरी वाचतील. कधीकाळी हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलात लोक नॅप्थालीन टाकायचे, तिथून ही चाल आली. आज बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांत नॅप्थालीनही नसतं, क्लोरीनचं संयुग असतं. ते जळून आम्ल होतं. इंजेक्टरचं बिल आलं की 'निवृत्त इंजिनिअर' साहेबांना पाठवावं म्हटलं तर पत्ता नाही.

टायरमध्ये हवा कमी असेल तर ॲव्हरेज पडतं, इथवर बरोबर. म्हणून ४५? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर आकडा आहे, टायर थंड असताना तेवढी भरायची. फुगवलेला टायर रस्त्याला कमी टेकतो. आपला रस्ता जून ते सप्टेंबर कसा असतो ते मी चिपळूणकरांना सांगायला नको.

एसी पेट्रोल खातो, छोट्या इंजिनात तर चांगलाच जाणवतो. मान्य. पण हायवेवर चारही काचा खाली करून ऐंशीने गेलात तर गाडी वाऱ्याशी कुस्ती खेळते. गर्दीत हळू जाताना काचा, हायवेवर एसी. उभ्या गाडीला पाच मिनिटं गरम करणं म्हणजे तर त्या पाच मिनिटांचं ॲव्हरेज शून्य. यापुढे या मुद्द्याला शब्द खर्च करत नाही.

राहिला पहिला मुद्दा, आणि इथे मला दात-ओठ खात थोडं मागे यावं लागतंय.

'कंपनी फसवते' हे असं नाही. मामांच्या मॉडेलचा आकडा आहे लीटरला २०.५१ किलोमीटर. हा आकडा कंपनीच्या जाहिरात खात्यात बसून कुणी काढत नाही. चाचणी होते ती एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत, आपल्या पुण्यातच. गाडी रस्त्यावर जात नाही, रोलरवर उभी राहते. ठरलेल्या तालावर ती वेग घेते, थांबते, पुन्हा घेते. सगळी चाचणी वीस मिनिटांच्या आत, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं नाही. हा आकडा दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला काढलाय. मामांना किती पडेल हे सांगायला नाही. जाहिरातवाले तो वचनासारखा छापतात, तेवढा राग रास्त आहे.

मामांना कराडात १५ पडतं, कारण त्यांची गाडी दिवसातून चार वेळा दीड-दीड किलोमीटर जाते. मंडई, बँक, देऊळ, घर. इंजिन तापायच्या आत बंद होतं, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं. तीच गाडी पुण्याला नेली की १८-१९ देते. गाडीत काहीच बदललेलं नसतं.

आता इथेनॉल. 'अर्ध्यावर आलं' हे धादांत खोटं. पण 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारेही तितकेच खोटे. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा काढला, तो सरकारी कागद आहे, कुणाचा फॉरवर्ड नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय : साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के मिश्रण घातलं तर कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटते. १० साठी घडवलेल्या आणि २० साठी जुळवलेल्या गाडीत एक ते दोन टक्के. कारण साधं आहे, लीटरभर इथेनॉलमध्ये लीटरभर पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के इथेनॉल गुणिले एक तृतीयांश, आकडा तिथेच येतो.

मामांची गाडी जुन्या गटातली. म्हणजे जिथे १८ पडायचं तिथे आता १७ च्या आसपास. एक-सव्वा किलोमीटर गेला. नऊ नाही गेले. पण गेला, आणि त्याच आराखड्यात असंही म्हटलंय की ऊर्जा कमी असल्याने मिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळायला हवं. पंपावर मला ते स्वस्त मिळालेलं नाही, तुम्हाला मिळालं असेल तर पावती पाठवा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक प्रश्न विचारला असता तर मीच तो दहा ग्रुपवर टाकला असता. त्याने डांबरगोळ्या लिहिल्या.

आणि मामांचे ते २७. काल फोन केला.

"मामा, ट्रिप मीटर शून्य कुठे केलं होतं?"

"हेळवाकला. घाट सुरू होताना."

"आणि बघितलं पोफळीत?"

"हो. का रे?"

म्हणजे फक्त उतार मोजला. उतारावर २७ मिळणं हा गाडीचा पराक्रम नाही, त्याची किंमत कुणीतरी चढताना आधीच भरलेली असते. समजा तोच घाट चढताना १२ पडलं. दोन्ही मिळून ॲव्हरेज साडेएकोणीस होत नाही. तेवढंच अंतर दोन्ही दराने काटलं तर लागलेलं पेट्रोल मोजावं लागतं, आणि उत्तर येतं साडेसोळा. डिस्प्लेवर जाऊच नका म्हटलं. टाकी कट-ऑफपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा, लीटर लिहा, भागाकार करा. असं तीन टाक्या.

"तीन टाक्या म्हणजे दोन महिने जातील," मामा म्हणाले.

"जाऊ देत. पण घाट गिअरमध्ये उतरायचा."

"बरं. तुझी मामी पण तेच म्हणत होती."

रविवारी ते चिपळूणहून परत येतायत. पोफळीला मीटर शून्य करून हेळवाकला काय दिसतं ते ग्रुपवर टाका, असं सांगितलंय.