सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: करवतकाठीच्या तुकड्याबद्दल

नमस्कार सर,

साडीचा खरा तुकडा चिकटवलेल्या आजींच्या व्यक्तिचित्रावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्यक्तिचित्रात चेहरा हेच सगळं, ज्यांना तो पकडता येत नाही ते कापडं चिकटवतात, नक्षी भरतात, आणि हे खूळ परदेशातून आलंय. वर्षानुवर्षं मुलांकडून स्केचिंग घोटून घेतलेला माणूस हे लिहितो तेव्हा ते सोडून देता येत नाही. पण मला ते पटलेलं नाही.

आधी परदेशाचं. तंजावरचा मराठा दरबार आठवा. तिथे देवादिकांसारखीच सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्यासारख्या राजांचीही चित्रं झाली: लेपाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख, मधे खडे. मिक्स्ड मीडिया, म्हणजे एकाच चित्रात रंगासोबत इतर साहित्य वापरणं, ते आणखी काय असतं? समोरचा माणूस राजा आहे हे चेहऱ्याआधी तो वर्खच सांगतो.

आता आपल्या नागपूरच्या त्या आजींचं चित्र, ज्यावर तुमचा मुख्य राग आहे. डोईवरच्या पदराच्या जागी करवतकाठीचा, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या विदर्भातल्या टसर रेशमी साडीचा, खरा तुकडा आहे. पुन्हा एकदा जवळून बघा. काठाचे दाते कानशिलापाशी थांबतात, आणि तिथून पुढे तेच दाते ब्रशने, फिकट गेरूत, कपाळावर उतरलेत. टसर कुठे संपलं आणि कातडी कुठे सुरू झाली ते चटकन कळत नाही. ही साडी तीन धोट्यांवर (आडवा धागा नेणाऱ्या शटलवर) विणतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जावं लागतं. कोष्ट्याच्या घरात जन्मभर कांड्या भरलेल्या बाईची ओळख नाकडोळ्यांत जेवढी आहे, तेवढीच त्या दात्यांतही आहे. तिथे पैठणीचा मोर लावून बघा, चित्र पडेल.

अमेरिकन चित्रकार केहिंडे वायलीने २०१८ मध्ये बराक ओबामांच्या चित्रात पानांच्या भिंतीत हेच केलं: शिकागोची शेवंती, हवाईची जाई, केनियाची निळी लिली. त्यातली काही पानं तर पुढे येऊन पायांवर चढलीत. नुसत्या चेहऱ्यावरून हा माणूस कुठून कुठून आला ते कळलं नसतं.

बाजारातला मंडला प्रिंट मागे डकवून ‘अस्मिता’ असं नाव दिलेली चित्रं मीही बघतो, आणि तिथे तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. ती नक्षी कोणामागेही चालली असती. पण हा त्या चित्रकाराचा आळस झाला. त्यासाठी आजींच्या चित्राला का झोडपायचं?

राहिला टिकण्याचा प्रश्न, तो तुम्ही अगदी बरोबर विचारलात. आपला मे महिना आणि त्यानंतरची ओल, यात कॅनव्हास आणि टसर वेगवेगळे ताणतात, कडा सुटू लागतात. तुकडा आधी चिकटवून वरून प्रायमर द्यावा, तर टसरची झाक जाते. यावर तुमच्याकडे काही तोड असेल तर जरूर लिहा; आजींचं चित्र काढणारी मुलगीही इथल्या प्रतिक्रिया वाचते.