रेस अडकली म्हणून चावी उपसू नका

"गाडीची रेस अडकली? मेकॅनिकला दोन हजार देऊ नका! आर्मीतल्या इंजिनीअरने सांगितलेले 5 घरगुती उपाय." हा मेसेज दोन आठवडे बेळगाव-खानापुरात फिरतोय. (रेस अडकणं म्हणजे ॲक्सिलेटरवरचा पाय काढला तरी इंजिनाचा वेग न उतरणं.) मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. दुकानांच्या पाट्यांवरून इतकी वर्षं भांडणारे आपण, पण या थापेवर दोन्हीकडचं एकमत दिसतं. आणि मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात 'आर्मीतला इंजिनीअर' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

मला आला तेव्हा मी तो उडवून टाकला होता. पण संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी नंदगडहून मामांचा फोन. "अरे, गाडीची रेस अडकत होती बघ, घरीच केलं सगळं. खोबरेल सोडलं, ट्यूबची पट्टी बांधली. आता लेकीकडे फोंड्याला जाऊन येतो." मामांची गाडी 1997 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेली. आणि फोंडा म्हणजे वाटेत अनमोड घाट. चहा तसाच टाकून मी स्कूटर काढली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर निम्मं आयुष्य गेलंय, गाड्यांचा मेस्त्री मी नव्हे. पण लोखंड का अडकतं आणि कसं सुटतं एवढं कळतं.

आधी सगळ्यात भयंकर उपाय. मेसेजमध्ये तो पहिलाच आहे: "धावत्या गाडीत रेस अडकली तर क्षणाचाही विलंब न करता चावी बाहेर काढा."

चावी बाहेर काढली की स्टीअरिंगला कुलूप बसतं. ते चोरासाठी असतं, घाटातल्या वळणावर मात्र तुमच्यासाठी होतं. चावी निघाली, चाक जरा वळलं, आतली खिटी खाचेत बसली की गाडी त्याच दिशेला जाणार, पुढे दरी असो की ट्रक. काही गाड्यांत चावी आत दाबल्याशिवाय लॉकवर फिरतच नाही, हे खरं. पण पंचवीस वर्षं झिजलेल्या कुलपाच्या भरवशावर मी अनमोड उतरणार नाही. यात अर्धं खरं आहे ते असं: चावीने इंजिन बंद करता येतं. पण एकच घर मागे फिरवायची आणि आतच ठेवायची, तेही सगळ्यात शेवटी.

त्याआधी काय करायचं, ते त्या इंजिनीअरसाहेबांना सुचलेलंच नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते डाव्या पायाखालीच आहे. क्लच दाबा. गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. चाकांचा आणि त्याचा संबंध तुटला, आता ते तुम्हाला ओढू शकत नाही. ब्रेक मारून गाडी कडेला घ्या, मग चावी एक घर मागे. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाचे फेरे रोखणारं काही नसतं, म्हणून तसंच मिनिटभर बोंबलत ठेवू नका, एवढंच. ऑटोमॅटिक असेल तर दांडा 'एन'वर. मामांना विचारलं, "क्लच का नाही सुचला?" म्हणाले, "मेसेजमध्ये नव्हता."

उपाय दुसरा: "ब्रेक सारखा मारा-सोडा, मारा-सोडा." वाचताना शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त घातक. बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनाच्या ओढीतून. बटरफ्लाय, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा, मिटलेला असतो तेव्हा इंजिन हवेसाठी धडपडतं आणि त्या ओढीने बूस्टरमध्ये निर्वात भरतो. बटरफ्लाय पूर्ण उघडा अडकला की ओढ संपली. मग बूस्टरमध्ये जे साठलेलं तेवढंच. एक-दोनदा मारून सोडलात की तेही गेलं, पॅडल दगड.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत रस्ते सुरक्षेचं सरकारी खातं आहे, एनएचटीएसए. लेक्सस ईएस 350 या गाडीत ॲक्सिलेटर जाड रबरी मॅटखाली अडकतो अशा तक्रारी आल्या तेव्हा त्यांनी 2007 मध्ये गाडी पळवून तपासली. नेहमी जिथे पॅडलवर 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोचा दाब पुरतो, तिथे रेस अडकलेली आणि बूस्टर रिकामा असताना 150 पौंडांहून जास्त लागला. 68 किलो! सिमेंटचं पोतं 50 चं असतं. सवा पोत्याहून जास्त वजन एका पायाने दाबायचं, आणि मामा सत्तरीचे. थांबायला लागणारं अंतरही 200 फुटांच्या आतून 1000 फुटांच्या वर गेलं. म्हणून ब्रेक एकदाच, जीव खाऊन दाबायचा आणि दाबूनच धरायचा.

तिथे दोष केबलचा (पॅडलची ओढ इंजिनापर्यंत नेणाऱ्या तारेचा) नव्हता, मॅटचा होता, हेही लक्षात घ्या. 2009 मध्ये लेक्सस बनवणाऱ्या टोयोटा कंपनीला याच कारणासाठी अमेरिकेत 38 लाखांच्या आसपास गाड्या परत तपासायला घ्याव्या लागल्या. आता मामांच्या गाडीत बघा. खाली रबरी मॅट, त्यावर काथ्याचं पायपुसणं. का? पावसाळ्यात खानापूरकडचा तांबडा चिखल आत येतो म्हणून. पायपुसण्याची कड थेट ॲक्सिलेटरखाली. पाच उपायांत मॅटचं नाव नाही. खरं तर तपासाची सुरुवात तिथूनच करायला हवी, फुकटात होते.

तिसरा, खोबरेल. "केबलच्या तोंडात चार थेंब खोबरेल सोडा, आयुष्यभर चिंता नाही." अहो, बेळगावात राहता ना? पौष महिन्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसाला तेल मिळत नाही. 24 अंशांच्या खाली ते गोठायला लागतं आणि आपल्याकडे या दिवसांत पहाट 15 च्या आसपास असते. मी बोनेट उघडून मामांची केबल कार्बोरेटरच्या बाजूने सोडवली, तर बाहेरच्या नळीच्या तोंडाशी पांढरा खडा. नखाने खरवडून काढला. म्हणजे सकाळी थंडीत, जेव्हा केबल मोकळी हवी, नेमकं तेव्हाच हे औषध तिला धरून ठेवत होतं. दुपारी विरघळलं की पुन्हा धूळ चिकटवायला मोकळं.

तेल मुळीच नको असं नाही. जुन्या, आत नुसती गुंडाळलेली तार असलेल्या केबलला पातळ मशीन ऑइल चालतं, दुसऱ्या टोकाने स्वच्छ थेंब पडेपर्यंत सोडायचं. पण आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेलाची गरज नसते. आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो उडून जातो, चार दिवसांनी पुन्हा तेच.

खरा रोग दुसऱ्या टोकाला होता. पॅडलखाली डोकं घालून टॉर्च मारला. तिथे केबल वळते, आणि त्या वळणावर तारेचे तीन पीळ तुटलेले. एक तुकडा गळासारखा वाकडा होऊन नळीच्या तोंडात अडकत होता. पॅडल दाबताना तो सरळ बाहेर ओढला जायचा, परत आत जाताना कडेला रुतायचा. याला खोबरेल काय करणार, आणि चौथ्या उपायातली सायकलच्या ट्यूबची पट्टी तरी काय करणार? ती मामांनी कार्बोरेटरच्या दांडीपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत ताणून बांधली होती. दोन दिवसांच्या उष्णतेने इतकी चिकट झाली होती की बोटं काळी झाली. तुटून दांडीत गुरफटली असती तर रेस उघडी अडकवायचं काम तिनेच केलं असतं. परतीची स्प्रिंग जुनी होऊन सैल पडते, हे मान्य. मग नवी स्प्रिंग घाला ना!

पाचव्याबद्दल फार बोलत नाही. "इंजिन सुरू ठेवून कार्बोरेटरवर पेट्रोल शिंपडा." शेजारी प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, जुन्या प्लगवायरी, ठिणग्या. जळून जाल. बटरफ्लायच्या कडेला काजळी बसून तो चिकटतो, एवढं खरं. इंजिन बंद, थंड, कार्बोरेटर क्लीनर आणि फडकं, पाच मिनिटांचं काम.

नवी केबल खानापुरातच मिळाली, काही शे रुपयांना. दोन हजारांचा हिशेब मेसेजवाल्याने कुठून काढला कोण जाणे. बसवताना थोडी ढिली ठेवली, पार ताणली तर रेस पूर्ण मिटत नाही. इंजिन बंद ठेवून मामांना पॅडल तळापर्यंत दाबून एकदम सोडायला सांगितलं. कार्बोरेटरची दांडी 'टक्' करून परत आली पाहिजे, दहाच्या दहा वेळा. मग इंजिन सुरू करून हाताने हलवून बघितलं, कारण इंजिनाखालचा रबरी माउंट फाटला असेल तर चढावर इंजिन कलतं आणि केबल आपोआप ओढली जाते. तो ठीक निघाला. काथ्याचं पायपुसणं मामींनी न्हाणीघरापुढे टाकलं.

मेसेजच्या शेवटी 'हे 10 जणांना पाठवा' असं होतं. मामांनी 14 जणांना पाठवला होता, त्यात फोंड्याचे जावई. त्यांची गाडी दोन वर्षांची, बटणावर सुरू होणारी. तिला केबलच नाही, पॅडलपासून नुसती विजेची वायर जाते. आणि धावताना इंजिन बंद करायचं तर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, उपसायला चावीही नाही. तरी जावयांनी अंगठा दाखवून 'खूप उपयुक्त' असं उत्तर दिलंय. खोबरेल नेमकं कुठे सोडणार आहात, हे विचारायला संध्याकाळी त्यांना फोन करतोय.