जरा डावीकडे सरकता का?

आमच्या घरात वजनाचा विषय दोनच ठिकाणी निघतो. विमानतळावर बॅगांच्या आणि बोटीवर माणसांच्या. विमानतळावर निदान काटा असतो. बोटीवर फक्त मी असतो.

बोट म्हणजे सिनेमातली पांढरीशुभ्र यॉट नव्हे. चोवीस फुटी, फायबरची, एका इंजिनाची आणि माझ्याआधी दोघांनी कंटाळून विकलेली. मी मूळचा सांगलीचा. पाण्याशी संबंध कृष्णेच्या पुरापुरता. पण अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला चेसापीक उपसागराच्या काठी अठरा वर्षं काढली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणातल्या ट्रेलरवरच्या बोटी बघून मलाही लागण झाली. आमची ही मालवणची. तिने बोट पाहिली, बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाली, “प्लास्टिकची आहे.”

हा उपसागर सुमारे 200 मैल लांब, पण सरासरी खोली जेमतेम 21 फूट. परातीत पाणी भरून ठेवावं तसा प्रकार. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की बुटक्या, उभ्या लाटा एकीच्या पाठीला एक लागून येतात. बोटीचा तळ व्ही अक्षरासारखा असतो तो या लाटा कापायला. त्यासाठी बोट सरळ हवी. ती जरा कलली की लाटेवर धार लागायच्या ऐवजी सपाट गालफड आपटतं, आणि बसणाऱ्याचा मणका आपले सगळे मणी मोजून घेतो.

यावरचा इलाज म्हणजे ट्रिम टॅब. बोटीच्या मागच्या अंगाला, पाण्यालगत, बिजागरीवर बसवलेल्या स्टीलच्या दोन पाट्या. पाटी खाली केली की धावतं पाणी तिच्यावर आदळतं आणि बोटीची तेवढी बाजू उचलली जाते. मापाचा ठोकताळा असा, की बोटीच्या दर फुटाला पाटीची एक इंच रुंदी. माझ्या पाट्या चोवीस-चोवीस इंचांच्या. इथपर्यंत सगळं साधं आहे.

पुढे घोळ आहे. डावं बटण दाबलं की उजवी पाटी खाली जाते. ही चूक नाही, सोय आहे. चालवणाऱ्याची नजर पुढे, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे असते. उजवी पाटी खाली गेली की मागची उजवी बाजू उचलली जाते आणि डावी नाळ दबते. तेव्हा डावी नाळ दाबायची तर डावं बटण दाबा, पाटी कुठली हलते याच्याशी तुम्हाला काय करायचंय? ज्याने ही सोय काढली त्याला बहुधा सगळ्या गोष्टी दोनदा समजावून सांगाव्या लागत नसणार. मी सात वर्षं ती बटणं दाबली आणि दर वेळी आधी चुकीचं दाबलं.

म्हणून मी पाट्यांऐवजी माणसं हलवायला लागलो. “काका, जरा डावीकडे सरकता का?” काका हसत सरकतात, वर पोटावरून हात फिरवून दाखवतात. पण हेच वाक्य हिला म्हणायची सोय नाही.

“माझ्यामुळे कलली?”

“छे गं, वाऱ्यामुळे.”

हे अगदीच खोटं नाही. आडवा वारा असला की बोट वाहत जाऊ नये म्हणून आपण वाऱ्याच्या दिशेने सुकाणू वळवून धरतो, आणि तशी धरलेली बोट वाऱ्याकडेच कलते. पंचाईत अशी, की मालवणच्या मुलीला वारा कुठून आहे हे मान न वळवता कळतं. “वारा डावीकडून आहे,” ती म्हणते, “आणि मी उजवीकडे बसलेय. बोट कुठे कललीय?” यावर सांगलीकराकडे उत्तर नसतं.

तर स्वयंचलित कंट्रोल बसवायचं ठरलं ते तंत्रज्ञानाच्या हौसेने नव्हे, संसारासाठी. मोबाइल आडवा धरला की फोटो आडवा होतो, त्याच जातीचा एक सेन्सर या कंट्रोलच्या डबीत असतो. बोट कलली की त्याला कळतं आणि तो आपला आपण पाट्या खालीवर करतो. किल्ली बंद केली की पाट्या वर घेऊनही ठेवतो. कोणाला सरका म्हणायला नको. साडेसातशे डॉलर गेले. हिने विचारल्यावर मी “सुरक्षेसाठी” असं सांगितलं.

पाट्या आणि त्यांचे पंप जुनेच होते, बदलायची होती ती बटणं आणि वायरी. माहितीपत्रकात काम तीन तासांचं होतं. मी तीन शनिवार बोटीच्या मागच्या कप्प्यात डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत काढले. एक स्क्रू पडला. तो पडतानाचा आवाज अजून कानात आहे: टिक, टिक, मग जरा वेळाने, फार खालून, ‘डुबुक’. तिथल्या काळ्या पाण्यात हात घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. ते काय होतं याचा मी शोध घेतला नाही. नवा स्क्रू आणला.

तेव्हाच सासरे मालवणहून आले होते. अण्णांचं आयुष्य बोटींत गेलेलं. ते घडीच्या खुर्चीवर बसून माझ्या पायांकडे बघत असायचे. मध्येच म्हणाले, “आमच्या होडयेक एक उलांडी असता. तिका वायर लागना नाय.” होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला तो ओंडका. अण्णांच्या मते त्यानंतर या विषयात भर घालण्यासारखं काही झालेलं नाही.

वायरींवर डावी, उजवी अशा चिठ्ठ्या होत्या. मला आठवलं, इथे सगळं उलटं असतं. म्हणून मी डावी वायर उजवीकडे आणि उजवी डावीकडे जोडली, आणि या प्रसंगावधानाबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ही उलटापालट डबी आतल्या आत आधीच करते, हे माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर होतं. मी नवव्या पानाला आत्मविश्वास आल्यामुळे थांबलो होतो.

मग बोट सरळ असताना एक बटण दाबून धरून ‘सरळ म्हणजे काय’ हे डबीला शिकवायचं असतं. रविवारी सकाळी सहाला, सेव्हर्न नदी आरशासारखी असताना, अण्णांना मधोमध बसवून निघालो. अण्णांनी पुढच्या फळीवर चहाचा स्टीलचा पेला ठेवला. “च्या बग,” म्हणाले. चहाची कड दोन्ही बाजूंना सारखी होती. मी बटण दाबून धरलं. डबीने ‘पीप’ केलं. एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर झाली.

नदी ओलांडून उपसागरात आलो, वेग वाढवला, ‘ऑटो’ दाबलं. वाऱ्याने बोट केसभर डावीकडे कलली. डबीच्या ते लक्षात आलं. तिने डावी पाटी खाली करायचा हुकूम सोडला, आणि माझ्या कृपेने उजवी खाली गेली. बोट आणखी डावीकडे कलली. डबीला वाटलं, हुकूम कमी पडला. तिने आणखी जोर लावला. इतकं मन लावून चुकीचं काम करताना मी फक्त एकाच प्राण्याला पाहिलं होतं, आणि तो त्या वेळी सुकाणू धरून उभा होता. चहा फळीवरून निघाला आणि माझ्या पँटवर थांबला.

“ही होडी तिरपी कित्याक पळता?” अण्णांनी शांतपणे विचारलं.

“अण्णा, ऑटोमॅटिक आहे.”

“मगे तां बटान बंद कर आधी.” आणि जरा थांबून, “आमच्याकडे तांडेल वरडता, ‘मधी बस!’ आनि मानूस मधी बसता.”

दोन वायरींची अदलाबदल करायला चार मिनिटं लागली. त्यानंतर मात्र डबीने कमाल केली. पुढच्या शनिवारी ही, मेहुणी, साडू आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा अशी सगळी वऱ्हाडं घेऊन आम्ही पलीकडे सेंट मायकल्सला खेकडे खायला निघालो. लाटा होत्या, वारा होता, आणि बोट इस्त्री केल्यासारखी चालली होती. मी कोणालाही सरका म्हटलं नाही. दोघी बहिणी उजवीकडे शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि गाणं म्हणत होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा बोटीवर गाणं झालं.

भाचा माझ्याशेजारी उभा होता. डबीवर दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांच्या रांगा असतात, कुठली पाटी किती खाली आहे ते दाखवणाऱ्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग मागे वळून, इंजिनाच्या आवाजावर मात करत ओरडला, “मावशी, जरा उठून डावीकडे ये ना. हां. आता परत बस. काका, बघितलंत? मावशी बसली की बरोबर पाच दिवे लागतात!”

गाणं थांबलं.

“वाऱ्यामुळे,” मी म्हणालो.

हिने मान वळवली नाही. “वारा पडलाय,” ती म्हणाली.