अपात्र असाल, तर सह्या भरपूर करा

कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत आपण राखीव जागेवरून अध्यक्ष झाला असाल आणि ज्या जातीच्या दाखल्यावर झालात तो दाखलाच खोटा असेल, तरी झोप उडवून घेऊ नका. समोर येईल त्या कागदावर सही करीत राहा. खुर्ची बेकायदेशीर ठरली तरी तिच्यावरून केलेली सही बहुधा टिकते, आणि ही माझ्या पदरची थाप नव्हे. ज्यांच्या नेमणुकाच रद्द झाल्या होत्या अशा न्यायाधीशांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली गोकराजू रंगराजू खटल्यात वैध मानले. 2001 साली जयललितांची मुख्यमंत्रिपदावरील नेमणूक रद्द करतानाही, त्यांचा तोवरचा एरवी कायदेशीर असलेला कारभार केवळ त्या कारणाने बाधित होणार नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

ज्या म्हातारीला आपल्या अध्यक्षतेखालील ठरावाने नळजोडणी मिळाली, तिने आधी आपला दाखला तपासावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. या संरक्षणाची छत्री खरे तर तिच्यासाठी धरलेली आहे. पण खानापूरच्या पावसात धरलेल्या छत्रीखाली कोण कोण घुसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पथ्य एकच. न्यायालयाने वाचवली ती लोकांच्या वा तिऱ्हाइतांच्या हिताची कामे, स्वतःच्या फायद्याची नव्हेत. तेव्हा पंचायतीचा गाळा स्वतःच्या नावावर घेऊ नये. मेहुणा तिऱ्हाईत ठरतो की नाही, यावर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात काही वर्षे सहज निघतील. घरपट्टीच्या वादात कोणी आपली पात्रता काढलीच, तर पदाला थेट आव्हान द्यावे लागते, असे आडवाटेने चालत नाही, हे त्याला नम्रपणे सांगावे.

नोटीस आली, तर ती कन्नडमध्ये असल्याने समजली नाही, असे कळवावे. सीमाभागातील शंभर मराठी माणसांची ही तक्रार खरी असते, म्हणून एकशे एकाव्याचीही खपून जाते. त्याच कन्नडमधल्या ठरावांखाली आपण दर महिन्याला सही ठोकली आहे, याची आठवण पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना मात्र होऊ देऊ नये.

पद गेल्याचा आदेश हाती पडल्यानंतरच्या सहीला मात्र कोणी वाली नसतो. म्हणून ठराव वहीत प्रत्येक सभेनंतर चार ओळी कोऱ्या सोडण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी, आणि शाईची तीच बाटली जपून ठेवावी.